बदलीचं पत्र टाइप करायला माणूस आहे, विधेयक वाचायला नाही

९ जुलै २०२४ ला विधानसभेत ९४ हजार ८८९ कोटींच्या पुरवणी मागण्या, म्हणजे अर्थसंकल्पाबाहेरच्या जादा खर्चाला मंजुरी मागणारे प्रस्ताव, मांडल्या गेल्या आणि १२ जुलैला अधिवेशन संपलं. मधे किती दिवस उरले ते तुम्हीच मोजा. असलं बाड आमच्यासारख्या पीएंच्या टेबलावर येऊन पडतं आणि वर सांगणं असतं, "जरा बघून ठेव, साहेबांना बोलायचंय." जरा? खात्याखात्याची लेखाशीर्षं, एकेका रकमेमागे दोन ओळींचं कारण, त्यातून नेमकं खुपणारं शोधायचं, आणि हे सगळं एका माणसानं मतदारसंघाचे फोन घेत घेत करायचं!

हो, मी एका आमदारांचा स्वीय सहायक आहे. दवाखान्यात खाट मिळत नाही, डीपी जळालाय, रेशनकार्डावर नाव चढत नाही, असे फोन दिवसभर येतात. लोकांना दुसरं दार नाही म्हणून ते आमच्याकडे येतात, त्यांच्याबद्दल माझी काडीची तक्रार नाही. संताप याचा होतो की निवडून दिलेल्या माणसाचं मूळ काम कायदे करणं आणि सरकारच्या खर्चाचा हिशेब मागणं, आणि नेमक्या त्याच कामासाठी त्याच्या हाताखाली कुणीच नाही.

समोर बघा. मंत्री उत्तराला उभे राहिले की अधिकारी गॅलरीत त्यांचं अख्खं खातं फायली घेऊन बसलेलं असतं. अडलं की चिठ्ठी येते. आमच्या साहेबांच्या मागे काय? मी रात्री जागून शासन निर्णय आणि कात्रणं जुळवून केलेलं टिपण. मंत्र्यांनी फेकलेला आकडा खरा की खोटा, हे उपप्रश्न विचारायच्या आत कोण तपासून देणार? मग नियम २९३ खालच्या, एखाद्या सार्वजनिक विषयावरच्या चर्चेत गडगडाटी भाषणं होतात आणि बाहेर लोक म्हणतात, आमदार अभ्यासच करत नाहीत. अहो, करणार कुणाच्या जिवावर?

राज्यघटनेच्या कलम १८७ नं विधिमंडळाला स्वतःचं वेगळं सचिवालय दिलंय. सभागृह सरकारच्या दावणीला बांधलं जाऊ नये म्हणूनच ना? तिथल्या माणसांवर माझा रोख नाही. अधिवेशनात भाषणं शब्दशः टिपून घेणारे प्रतिवेदक आणि समित्यांचे कक्ष अधिकारी रात्री उशिरापर्यंत राबताना मी पाहतो, आणि हिवाळी अधिवेशनाला तर सगळं दप्तर नागपूरला हलवावं लागतं. पण ही यंत्रणा मुख्यतः सभागृह चालवण्यासाठी उभी आहे : प्रश्नांच्या याद्या, कामकाजपत्रिका, इतिवृत्त. विधानसभेचे २८८ आणि परिषदेचे ७८ सदस्य, त्यातल्या प्रत्येकाला विधेयक फोडून सांगणारा माणूस त्यात बसवलेलाच नाही.

आणि "असं कुठे असतं का?" हे मला ऐकवू नका. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यानं १९०१ मध्ये आमदारांना संदर्भ काढून देणारं ग्रंथालय उभं केलं. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानं १९४१ पासून स्वतःचा विश्लेषक ठेवलाय, तो राज्यपालांचा अर्थसंकल्प स्वतंत्रपणे तपासतो. इतक्या लांब कशाला, दिल्लीत पीआरएस या संस्थेच्या लॅम्प फेलोशिपमधून तरुण मुलं खासदारांना संशोधनात मदत करतात. आपल्या राज्यानं २०१५ मध्ये मुख्यमंत्री फेलोशिप काढली, हुशार मुलं घेतली, आणि ती दिली कुणाला? सरकारलाच! ज्यांच्याकडे आधीच अख्खं मंत्रालय आहे त्यांना!

त्यातून माझ्यासारख्याची नोकरी आमदाराच्या खुर्चीला टांगलेली. साहेब पडले की मी घरी. पाच वर्षांत कोणतं आश्वासन कुठल्या खात्यात अडकलंय, कोणत्या योजनेचा पैसा कुठे वळवलाय, याची जी जुळणी केलेली असते ती माझ्या वहीबरोबर जाते. नवा आमदार, नवा पीए, पुन्हा श्रीगणेशा. खात्यातला अधिकारी मात्र तिथेच असतो, त्याच्या फायलीसकट.

आम्हाला नुसतं मानधन वाढवून गप्प करू नका. परीक्षा घेऊन अभ्यासक भरा, त्यांना पक्षाशी नाही तर सभागृहाशी बांधा, निवडणूक झाली तरी ते जागेवर राहू द्या. विधेयक आणि पुरवणी मागण्या त्यांच्या हातात चर्चेच्या निदान आठवडाभर आधी पडू द्या. आणि त्यांच्याकडून बदलीची पत्रं टाइप करून घ्यायची नाहीत, हे नेमणुकीच्या आदेशातच लिहा.