आधी मेसची वही

अमेरिकेत इथाकात बर्फ पडलं की मी फीनी वेवरून जपून चालते. कॉर्नेल विद्यापीठातल्या या रस्त्याला २०२१ साली चक फीनीचं नाव दिलं, तेव्हा तो नव्वदीचा होता. सैन्यात राहून आलेल्यांना मिळणाऱ्या सवलतीवर तो इथं शिकला, रात्री मुलांना सँडविच विकायचा. पुढं ड्यूटी-फ्री दुकानांतून अफाट कमावलं आणि विद्यापीठाला जवळजवळ १०० कोटी डॉलर दिले, तेही बरीच वर्षं नाव न सांगता.

आमच्या सोलापूरच्या बॅचच्या ग्रुपवर महिनाभर वाद चाललाय. एका मागवाल्याचा मुलगा, आमचाच वर्गमित्र, आज टॉवेलचा कारखाना चालवतो आणि कॉलेजला मोठी रक्कम द्यायची म्हणतोय. कुणी म्हणतं सभागृह बांधू, कमानीवर त्याचं नाव घालू. कुणी म्हणतं, शिक्षण हे सरकारचं काम, आपण का द्यायचं?

सरकारचं काम आहेच. २००४ मध्ये आपल्या एका जिल्ह्यासाठी वेगळं विद्यापीठ झालं, कोल्हापूरचे हेलपाटे थांबले, ते सरकारनंच केलं. आणि इथलंही सगळं चांगलं नाही. फी ऐकून डोळे पांढरे होतात, माणसं नावासाठी भांडतातही. पण एक गोष्ट उचलण्यासारखी आहे: देणगीचं मुद्दल तसंच ठेवतात आणि त्याच्या उत्पन्नातून दरवर्षी गरजू मुलांना मदत करतात.

सोलापूरला कॉलेजात माझी रूममेट अक्कलकोटकडची होती. सोमवारी घरून कडक भाकरी आणि शेंगाचटणी आणायची, गुरुवारपर्यंत पुरवायची. गणितात माझ्यापेक्षा कितीतरी हुशार. मेसच्या वहीत तिच्या नावाखाली लाल रेघ आली, मग दुसरी. दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेआधी ती वळकटी बांधून गेली. तिला भरता आलं नाही ते जेवणाचं बिल. सभागृहानं ते भरलं नसतं.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘कमवा आणि शिका’ आपल्याच मातीत रुजवलं. सँडविच विकणाऱ्या फीनीला ते लगेच कळलं असतं. म्हणून माझं ठाम मत: ठेव मेससाठी ठेवा, कमान नको. माझा वाटा दर जानेवारीला येईल.

काल त्या कारखानावाल्या वर्गमित्राला फोन केला. म्हटलं, “आधी रेक्टरबाईंकडं जा, वहीत लाल रेघा किती आहेत ते बघ.”

सोमवारी जातो म्हणाला.