फवारणीच्या पंपात लॅपटॉपचे सेल? त्या फॉरवर्डला उत्तर

सोयाबीनची फवारणी तोंडावर आली की एखादा जुगाड ग्रुपवर फिरायला लागतोच. यंदाचा असा: पंपाची जुनी जड बॅटरी काढून टाका, भंगारवाल्याकडून लॅपटॉपचे तीन सेल आणा, एकापुढे एक जोडा, चार्जर जुनाच चालतो. शंभर-दीडशेत हजाराची बॅटरी. खाली आणखी ज्ञान: सेल घेताना जास्तीत जास्त एमएएच (किती वीज साठते तो आकडा) लिहिलेला घ्या, पहिल्यांदा बारा तास चार्ज करा, आठवड्यातून एकदा पूर्ण उतरवा, मेलेला सेल चांगल्या बॅटरीचा झटका देऊन जिवंत करा, आग लागली तर पाणी टाकू नका. आणि शेवटी हुकमाचा एक्का: ‘विदेशात लोक हेच सेल ई-सिगारेटमध्ये घालून तोंडाजवळ धरतात, मग आपल्याला कसली भीती?’

ग्रुपवर काय काय फिरतं, प्रत्येकाशी भांडत बसलो तर माझं दुरुस्तीचं दुकान कोण चालवील? म्हणून सोडून दिलं होतं. पण परवा दारव्ह्याकडून मामांचा फोन आला. ‘भाच्या, तीन सेल आनून ठेवले म्या. सोल्डर तेवढं तू मारून दे.’ मामा साठी ओलांडलेले, आणि तो पंप ते स्वतःच्या पाठीवर घेतात. म्हणून हे लिहितोय.

आधी चार्जरचं बोलू, कारण खरा घात तिथे आहे. पंपात येते ती १२ व्होल्ट ८ अँपिअर-तासाची शिसं-आम्लाची बॅटरी. तिच्या चार्जरवर १२ व्होल्ट छापलेलं असलं तरी मीटर लावून बघा, १४च्या आसपास दाखवतो. शिशाच्या बॅटरीला तेवढं लागतंच. लॅपटॉपमधला सेल मात्र लिथियम-आयनचा. त्याचं साधारण व्होल्टेज ३.६ ते ३.७, आणि पूर्ण भरला की ४.२. त्यापुढे जायचंच नाही. तीन सेल एकापुढे एक म्हणजे १२.६ व्होल्ट. आता त्यावर १४.४ चा चार्जर लावा आणि भागाकार करा: एकेका सेलला ४.८. हेही तिन्ही सेल अगदी सारखे असले तरच. भंगारातले तीन सेल सारखे असतात का? एक थकलेला, एक बरा, एक कोणत्या तिसऱ्याच लॅपटॉपचा. जो थकलेला, तो आधी भरतो आणि पुढचा सगळा मार त्याच्यावर येतो. ४.२च्या वर गेलं की आत लिथियम धातूच्या रूपात साचायला लागतं, दुसऱ्या बाजूचं रसायन तापून प्राणवायू सोडतं, आणि मधला द्रव तर पेट घेणाराच. सेल एकदा स्वतःच तापत सुटला की तुम्ही चार्जर काढला तरी तो थांबत नाही.

हे घडणार कुठे? कोठ्यात, नाहीतर कुटाराच्या खोलीत. कारण आपल्याकडे पंप तिथेच चार्जिंगला लागतो, रात्रभर.

मग ‘चालतं’ असं लोक म्हणतात ते कशावरून? इथे थोडं खरं आहे, आणि नाइलाजाने सांगतो. बाजारात पंपासाठी तयार लिथियम बॅटऱ्या मिळतात. त्यातल्या बऱ्याच लिथियम-आयर्न-फॉस्फेटच्या असतात: एकेक सेल ३.२ व्होल्टचा, असे चार, म्हणजे १२.८, आणि पूर्ण भरल्यावर १४.६. आकडा जुन्या चार्जरच्या जवळ येतो, शिवाय आत रक्षण करणारी पट्टी असते, जिला बीएमएस म्हणतात. कुणीतरी ती बॅटरी जुन्या चार्जरवर चाललेली पाहिली आणि ‘लिथियम म्हटलं की सगळं एकच’ असं ठरवून टाकलं. लॅपटॉपचा सेल त्या जातीचा नाही. लिथियमने पंप हलका होतो हेही खरं. शिशाची बॅटरी दोन किलोच्या वर असते, दिवसभर वीस-वीस टाक्या मारणाऱ्याच्या कमरेला ते कळतं. पण तीन सेलांचा पंप हलका का होतो? त्यात माल कमी म्हणून. एकेक सेल नवा असताना २२००-२६०० एमएएचचा, आणि एकापुढे एक जोडून व्होल्ट वाढतात, एमएएच वाढत नाहीत. मूळ बॅटरी ८ अँपिअर-तासाची, म्हणजे ८००० एमएएचची. म्हणजे आग न लागता सगळं सुरळीत झालं तरी दुपारच्या आत पंप बसणार.

सिगारेटवाल्या मुद्द्यावर मला हसावं की रडावं कळेना. लोक तोंडाजवळ धरतात म्हणून सुरक्षित! अहो, त्या यंत्रांनीच तर या सुट्या सेलांची भीती दाखवून दिली. खिशात सुटा सेल, सोबत किल्ली नाहीतर चिल्लर, आणि मांडी भाजलेली, अशी प्रकरणं तिकडच्या दवाखान्यांत पुष्कळ झाली. शेवटी अमेरिकेच्या ग्राहक वस्तू सुरक्षा आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये लोकांना उघड इशारा दिला: सुटे १८६५० सेल घेऊ नका, वापरू नका. १८६५० म्हणजे हाच लॅपटॉपचा सेल, १८ मिलिमीटर जाड, ६५ लांब. आयोगाने कारणही दिलंय. हे सेल मोठ्या पॅकचा भाग म्हणून कारखान्यांसाठी बनतात, एकेकटे विकण्यासाठी नाही. पॅकमधून वेगळे काढून, वर नवं प्लॅस्टिक चढवून विकले जातात तेव्हा त्यांच्यासोबत रक्षणाची पट्टी नसते. कशात वापरले जातात त्या यादीत व्हेपची म्हणजे ई-सिगारेटची यंत्रं आहेत, टॉर्च आहेत, छोटे पंखे आहेत, खेळणी आहेत. फॉरवर्डमध्ये सांगितलेली कृती आणि आयोगाने करू नका म्हटलेली कृती शब्दाला शब्द जुळते.

जाता जाता: आपल्याकडे ई-सिगारेटवर २०१९ पासून कायद्याने बंदी आहे, विकण्यावरच नाही तर साठवण्यावरही. पुरावा म्हणून दाखवायला वस्तू चांगली निवडली.

आणि तिकडचे जाणते व्हेपवाले सेल असा डोळे झाकून घेतही नाहीत. ते पहिल्यांदा विचारतात की हा सेल सतत किती अँपिअर देऊ शकतो. उदाहरणार्थ, सॅमसंगचा २५आर हा २५०० एमएएचचा सेल २० अँपिअर देतो, आणि त्याच कंपनीचा ३५ई हा ३५०० एमएएचचा सेल फक्त ८. साठा वाढवला की जोर कमी होतो, दोन्ही एकाच डब्यात बसत नाही. आपल्या पंपाची मोटर तीन-चार अँपिअर ओढते, तिला २० ची गरज नाही. पण ‘जास्त एमएएच म्हणजे जास्त ताकद’ हे साफ चुकीचं.

बाजारात ९९०० एमएएच लिहिलेले निळे-लाल सेल मिळतात, रात्री ओलिताला जाणाऱ्यांच्या डोक्यावरच्या टॉर्चमध्ये हेच भरलेले असतात. या मापाच्या सेलमध्ये चांगल्यातली चांगली कंपनी ३५००-३६०० बसवते, फार झालं तर थोडं वर. ९९०० शक्यच नाही. पन्नास लिटरच्या ड्रमवर दोनशे लिटर रंगवलं म्हणून त्यात पाणी जास्त मावत नाही. खात्री करायची असेल तर सोनाराच्या काट्यावर ठेवा. अस्सल सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो. हे ९९०० वाले बरेचदा त्याच्या कितीतरी खाली असतात, कारण आत छोटा सेल आणि बाकी भरताड. त्यामानाने भंगारातला लॅपटॉपचा सेल निदान नामांकित कंपनीचा असतो, एवढं त्या फॉरवर्डच्या पदरात टाकतो.

मामांनी आणलेले तीन सेल मी मागवून घेतले. एकाचं प्लॅस्टिक वरच्या कडेला नखाएवढं सोललेलं. लोकांना वाटतं वरचं टोक धन, खालचं ऋण, मधलं नुसतं पत्र्याचं अंग. तसं नाही. पूर्ण डबी ऋण असते, अगदी धन टोकाच्या कडेपर्यंत. मधे फक्त एक बारीक चकती आणि हे पातळ प्लॅस्टिक. पंपात फवाऱ्याचं पाणी झिरपतं, पंप धुऱ्यावर आपटतो, आणि तिथे हा सोललेला सेल. दोन टोकं जुळून शॉर्ट व्हायला आणखी काय हवं? दुसऱ्या सेलला पॅकमधून ओढून काढताना पडलेला पोचा होता. तिसऱ्याला मीटर लावला तर एक व्होल्टही नाही.

या तिसऱ्यालाच झटका देऊन उठवायचं म्हणतात. सेल दोन व्होल्टच्या खाली फार दिवस पडून राहिला की आतलं तांबं विरघळतं, आणि पुन्हा चार्ज करताना नको तिथे जमून आतल्या आत शॉर्ट करतं. असा सेल उठतो तेव्हाच जास्त भीती. ते मामांना सांगितलं तर म्हणाले, ‘म्हन्जे मेलेलाच बरा व्हता म्हन की.’ हो, मेलेलाच बरा.

बाकीचे मुद्दे भराभर. बारा तास पहिलं चार्जिंग आणि पूर्ण उतरवणं हे निकेल-कॅडमियमच्या काळातलं. लिथियमला पूर्ण उतरवलं तर नुकसानच. चार्जिंगची मर्यादा बहुतेक सेलांच्या कागदावर ४५ अंश लिहिलेली असते. चंद्रपूर-अकोल्याकडे मे महिन्यात बाहेरचीच हवा तेवढी किंवा वर जाते, टिनाखाली किती होत असेल ते टिनाखाली राहणाऱ्याला विचारा. दुपारी चार्जिंग लावूच नका.

पाणी टाकू नका, हे मात्र घातकच. लिथियम धातू पाण्यात पेटतो हे शाळेत शिकलेलं इथे लावू नये. चार्जर काढता आला तर प्लग काढा, मग भरपूर पाणी ओता. शेजारचे सेल थंड ठेवणं हेच काम, आणि ते पाणीच करतं. धुरात उभं राहू नका.

लिथियमच हवी असेल तर पंपाची तयार बॅटरी घ्या, आत बीएमएस असलेली, आणि तिच्यासोबतचाच चार्जर वापरा. तीन सेलांच्या पॅकच्या चार्जरवर १२.६ व्होल्ट लिहिलेलं हवं, दुसरा कुठलाही आकडा चालणार नाही. टॉर्चला सुटा सेल लागतच असेल तर रक्षणपट्टीवाला, ओळखीच्या दुकानातून, आणि नेताना प्लॅस्टिकच्या डबीत. खिशात नाही.

२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषाने वीसच्या वर माणसं गेली. पाठीवरच्या त्या टाकीत आधीच पुरेसं विष असतं, तिच्या बुडाशी आणखी पेटणारं काही कशाला? मामांच्या पंपात सध्या जुनीच शिशाची बॅटरी बसवून दिलीय. त्या बॅटरीला जुनाच चार्जर चालतो.