समुपदेशकाची प्रॅक्टिस वाढते कशी आणि वाढवू नये कशी

मानसशास्त्रात एम.ए. करून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलामुलींकडून अलीकडे मला वरचेवर एकच विचारणा होते: ‘मॅडम, प्रॅक्टिस वाढवायचा कोर्स करू का?’ इन्स्टाग्रामवर अशा कोर्सच्या जाहिरातींचे पेव फुटले आहे. कोणी काही आठवड्यांत महिन्याला लाखभर रुपये मिळवून देण्याची हमी देतो, कोणी रील करायला शिकवतो, तर कोणी ‘पहिले सेशन फुकट’ देऊन क्लायंटला दहा सेशनचे पॅकेज कसे घ्यायला लावावे याचे धडे देतो. मी नाशिकमध्ये बरीच वर्षे खासगी प्रॅक्टिस करते आहे आणि माझे मत स्पष्ट आहे. प्रॅक्टिस वाढली पाहिजे, तिच्यावर घर चालले पाहिजे, त्यात लाजण्यासारखे काहीही नाही. पण हे कोर्स ज्या वाटेने ती वाढवायला सांगतात, ती वाट आमच्या कामाच्या मुळावर येते, आणि गंमत म्हणजे तिची गरजही नसते.

गरज का नसते, याचे साधे गणित मांडते. पन्नास मिनिटांचे सेशन आणि त्यानंतर टिपणे लिहायला थोडा वेळ धरला, तर दिवसाला पाचपेक्षा जास्त सेशन नीट होत नाहीत. सहाव्या माणसासमोर आपण फक्त शरीराने बसलेले असतो, आणि ते त्याला कळते. आठवड्याचे पाच दिवस धरले की महिन्याला कागदावर शंभर सेशन होतात. प्रत्यक्षात परीक्षा, लग्नसराई, गणपती-दिवाळी, आजारपण आणि न कळवता मारलेल्या दांड्या वजा जाऊन पासष्ट-सत्तर उरतात. हजार रुपये फी धरली, तर पासष्ट ते सत्तर हजार. त्यातून जागेचे भाडे, वीज, मदतनीस बाईंचा पगार, सुपरव्हिजनची (अनुभवी समुपदेशकाने आपल्या कामावर नजर ठेवून मार्गदर्शन करण्याची) फी आणि अधूनमधून करावे लागणारे प्रशिक्षण वजा केले की हातात पस्तीस-चाळीस हजार राहतात, तेही प्रॅक्टिस बसल्यानंतर, आणि ती बसायला दोन-तीन वर्षे सहज जातात.

आता याच गणिताची दुसरी बाजू. एक क्लायंट सरासरी आठ-दहा सेशन येतो असे धरले, तर पूर्ण भरलेल्या प्रॅक्टिसलाही महिन्याला सात-आठ नवी माणसे पुरतात. सात-आठ! त्यासाठी दहा हजार फॉलोअर कशाला हवेत? त्यांतले निम्मे दिल्ली-बेंगळुरूचे आणि उरलेले मानसशास्त्राचेच विद्यार्थी असतात. आपल्याला हवी असलेली माणसे कॉलेज रोडवर, सिडकोत, सातपूर-अंबडच्या कारखान्यांत, सिन्नर-निफाडकडे राहतात, आणि ती रील पाहून येत नाहीत. त्यांना कोणीतरी पाठवावे लागते.

पाठवणारा बहुधा फॅमिली डॉक्टर असतो. हे सर्वांत महत्त्वाचे असून कोणत्याच कोर्समध्ये शिकवत नाहीत, म्हणून जरा विस्ताराने लिहिते. आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच माणसांच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत घातलेली जाड फाईल असते. ईसीजी नॉर्मल, टूडी एको नॉर्मल, थायरॉइड नॉर्मल, एखाद्याने तर अँजिओग्राफीपर्यंत मजल मारलेली. छातीत धडधडते, हातपाय गार पडतात, आता आपण जातो असे वाटते, रात्री-अपरात्री रिक्षा करून हॉस्पिटल गाठले जाते आणि सकाळी ‘काही नाही, ताण आहे’ असे सांगून घरी पाठवले जाते. ज्या डॉक्टरांना हे पॅनिक अटॅक असू शकतात हे कळते, पण दवाखान्यात चाळीस माणसे खोळंबलेली असल्यामुळे तासभर बोलत बसणे शक्य नसते, त्यांना या माणसाला निर्धास्तपणे कोणाकडे तरी सोपवायचे असते. अशा चार-पाच डॉक्टरांचा विश्वास मिळाला की प्रॅक्टिस उभी राहते.

हा विश्वास व्हिजिटिंग कार्डांचा गठ्ठा देऊन मिळत नाही. मी पहिल्यापासून एक पद्धत ठेवली आहे: क्लायंटची लेखी संमती घेऊन, ज्यांनी पाठवले त्या डॉक्टरांना चार ओळींचे पत्र पाठवायचे. माणूस आला, कामाची दिशा साधारण अमुक आहे, झोपेच्या गोळीबद्दल आपण एकदा पाहावे, धन्यवाद. घरात काय घडले, सासू काय म्हणाली, यातले अवाक्षरही त्यात नसते. डॉक्टरांना ते नकोही असते; आपण पाठवलेला माणूस हवेत विरला नाही, एवढे त्यांना पुरते. शिवाय उलट दिशेचे पाठवणेही तितकेच महत्त्वाचे. ज्याला आत्महत्येचे विचार येत आहेत, ज्याला भास होत आहेत, ज्याची झोप आठवड्याभरापासून उडालेली असूनही उत्साह उतू जातो आहे, त्याला त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवायचे असते. ‘क्लायंट हातचा जाईल’ या भीतीने त्याला धरून ठेवणारा समुपदेशक मी पाहिला आहे, आणि त्याच्याकडे मी पुढे कोणालाही पाठवलेले नाही.

इथे कट प्रॅक्टिसचा, म्हणजे पेशंट पाठवण्याच्या बदल्यात पैसे घेण्या-देण्याचा, विषय टाळून चालणार नाही. महाराष्ट्रात वैद्यकीय क्षेत्राला लागलेली ही कीड आहे. २०१७ मध्ये राज्य सरकारने तिच्याविरुद्ध कायद्याचा मसुदाही तयार करवून घेतला होता. समुपदेशनात अजून ती फारशी शिरलेली नाही, याचे कारण आमची नीतिमत्ता थोर आहे हे नसून आमच्या फीमध्ये कट देण्याइतका वावच नाही, हे आहे. तरीही पाठवलेल्या प्रत्येक माणसामागे ‘काहीतरी बघा’ असे सुचवणारे भेटतात. त्यांना एकदाच नम्रपणे नाही म्हणायचे आणि त्यांच्याकडून कोणी येईल ही आशा सोडून द्यायची.

आता रिव्ह्यूबद्दल. हॉटेल, सलून किंवा दातांचा दवाखाना समाधानी गिऱ्हाइकाकडून पाच तारे मागू शकतो, आम्ही मागू शकत नाही. ज्याने आपल्यासमोर बसून आयुष्यातली सर्वांत अवघड गोष्ट सांगितली आहे, तो आपल्याला ‘नाही’ म्हणण्याच्या स्थितीत नसतो. त्याच्याकडे शिफारस मागणे म्हणजे त्या विश्वासाची वसुली करणे होय. गोपनीयता हा तर मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ ने दिलेला हक्कच आहे. एखाद्याने रागाच्या भरात गुगलवर खोटेनाटे लिहिले, तरी आम्ही उत्तर देऊ शकत नाही, कारण ‘तुम्ही सेशनला उशिरा आला होतात’ एवढे लिहिणे म्हणजेही ती व्यक्ती आमच्याकडे येत होती हे जगजाहीर करणे. आत्महत्येचा किंवा हिंसेचा धोका असेल किंवा अल्पवयीन मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, तर गोपनीयतेला मर्यादा येते. पॉक्सो कायद्यानुसार अशी माहिती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. हे सर्व पहिल्याच भेटीत संमतीपत्र वाचून दाखवताना सांगायचे असते. मार्केटिंगच्या कोर्समध्ये मात्र क्लायंटचे व्हॉट्सॲप मेसेज नाव झाकून स्टोरीवर टाकायला सांगतात. नाव झाकले तरी लिहिणाऱ्याला आपले शब्द ओळखू येतात, आणि तिच्या नणंदेलाही येतात.

फीबद्दल दोन्ही टोकांची माणसे मला चुकीची वाटतात. ‘सेवा आहे, पैसे काय घ्यायचे’ म्हणणारे दोन वर्षांत दमून नोकरी धरतात, आणि ‘आपली किंमत ओळखा’ म्हणत अडीच हजारांपासून सुरुवात करणाऱ्यांकडे माणूस दुसऱ्यांदा येत नाही. क्लायंट हे पैसे खिशातून देतो, हे विसरता कामा नये. २०१७ च्या कायद्यातील कलम २१ ने विमा कंपन्यांना मानसिक आजारालाही शारीरिक आजाराप्रमाणेच संरक्षण द्यायला लावले असले, तरी बहुतेक पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या खर्चापुरत्या असतात. दर आठवड्याला येऊन बोलून जाणाऱ्याच्या हाती त्यातून काही पडत नाही. म्हणून मी एक फी ठरवते, ती भिंतीवर लिहिते आणि दहातल्या दोन जागा कमी फीच्या ठेवते. त्या भरल्या की भरल्या; मग पुढच्या माणसाला सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक देते. २०२२ पासून चालू असलेली ही सेवा विनामूल्य आहे आणि मराठीत बोलता येते. खासगी प्रॅक्टिस करणाऱ्याने हा क्रमांक दारावर लावायला काय हरकत आहे, हे मला कळलेले नाही.

जागेबाबत एकच सांगते: सजावटीपेक्षा आवाजाकडे पाहा. प्लायवूडचे पार्टिशन टाकून केलेल्या दोन खोल्यांत रडण्याचा आवाज पलीकडे जातो, आणि पलीकडे बसलेल्या माणसाला लगेच कळते की आपलाही जाणार. माझ्याकडे बाहेरच्या खोलीत जुना, मुद्दाम न बदललेला, घरघर करणारा पंखा आहे. दोन सेशनमध्ये पंधरा मिनिटांचे अंतरही तेवढेच आवश्यक आहे, कारण नाशिक अजून इतके मोठे झालेले नाही की एकाच सोसायटीतली दोन माणसे आमच्या जिन्यात समोरासमोर येणार नाहीत. आणि वेळापत्रक करताना जिल्ह्याचे पंचांग पाहायचे असते. ऑक्टोबरमध्ये द्राक्षाची छाटणी सुरू झाली की निफाड-पिंपळगावकडचा बागायतदार दुपारी साडेतीनला येऊ शकत नाही. बेमोसमी पाऊस झाला तर तो महिनाभर येत नाही, आणि खरे तर त्याच महिन्यात त्याला सर्वाधिक गरज असते. अशा वेळी न आल्याचे पैसे लावण्याचा नियम मी बाजूला ठेवते आणि रात्री फोनवर सेशन घेते. पुस्तकी शिस्तीत हे बसत नाही, पण मला ते मान्य आहे.

पाटीवर काय लिहावे, हाही प्रश्न येतोच. ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ हे बिरुद भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेल्यांचे आहे, साधे एम.ए. झालेल्याने ते लावू नये, आणि पीएच.डी. नसताना क्लायंट ‘डॉक्टर’ म्हणाला तर पहिल्याच वेळी दुरुस्त करावे. ऑनलाइन ॲपसाठी काम करणे सुरुवातीला वाईट नाही, मात्र करार वाचून सह्या करा. फीतला मोठा वाटा त्यांचा असतो आणि क्लायंटही त्यांचाच राहतो.

सगळ्यांत जास्त मला जे खुपते ते वेगळेच आहे. आमच्यातल्या प्रस्थापितांनी वाढीचा एक सोपा मार्ग शोधला आहे: ‘सेंटर’ काढायचे, नव्या मुलींना इंटर्नशिपच्या नावाखाली फुकट राबवायचे, काही ठिकाणी तर उलट त्यांच्याकडूनच पैसे घ्यायचे, आणि त्यांनी घेतलेल्या सेशनची पूर्ण फी स्वतःच्या खात्यात जमा करायची. क्लायंटला वाटते मॅडमच्या देखरेखीखाली काम चालले आहे; मॅडम मात्र त्या वेळी वाढीच्या कोर्समध्ये शिकवत असतात. ज्या मुलीला दर आठवड्याला तासभर सुपरव्हिजन मिळत नाही, तिच्यासमोर दुःखी माणूस बसवणे हा त्या दोघांवरही अन्याय आहे. मानसिक आरोग्यासाठी राज्यात माणसे कमी पडतात हे सर्वांना ठाऊक आहे. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी अशा चार प्रादेशिक मनोरुग्णालयांच्या पलीकडचा बहुतांश भार खासगी लोकच उचलतात. अशा वेळी शिकून तयार झालेली मुलगी वर्षभरात कंटाळून एचआरमध्ये जाते, तेव्हा तिला तिथे आम्हीच पाठवलेले असते.

माझ्यापुरता मी केलेला बंदोबस्त असा: माझी खोली मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी रिकामी असते. ती मी नव्याने सुरुवात करणाऱ्यांना तासाच्या भाड्याने देते. क्लायंट त्यांचा, फी त्यांची, टिपणांचे कपाट आणि किल्ली त्यांची स्वतंत्र. आठवड्यातून एकदा सुपरव्हिजन घेणे मात्र सक्तीचे आहे. ते माझ्याकडेच घ्यावे असे नाही, पण ज्यांच्याकडे घेता त्यांचे नाव मला लेखी कळवावे लागते. सध्या दोघी जणी येतात आणि गुरुवारचे शेवटचे दोन तास शिल्लक आहेत. ज्यांना हवे असतील त्यांनी मेसेज करावा. आधी अर्धवेळ नोकरी हातात आहे की नाही ते मी विचारणार आहे, कारण पहिली दोन वर्षे घरभाड्याची चिंता डोक्यात घेऊन समोरच्याचे ऐकता येत नाही.