वर मजलाच नाही

कपाट आवरताना ताईला भाच्याच्या फुटबॉल अकॅडमीच्या पावत्या सापडल्या. मेडिकल स्टोअरच्या पिशवीत, रबर लावून, वर्षवार लावलेल्या. पाच वर्षं, महिन्याचे दीड हजार, उन्हाळी कॅम्पचे वेगळे, किटचे वेगळे. आम्ही दोघांनी मोबाइलवर बेरीज केली. एक लाख बारा हजार. "एवढ्यात सेकंडहँड अ‍ॅक्टिव्हा येऊन दोन वर्षांचं पेट्रोल झालं असतं," ताई म्हणाली. मी गप्प बसलो, कारण पोट्ट्याला तिथे घालायचा सल्ला माझाच होता.

अकॅडमीचं नाव घेत नाही, विचारूही नका. नागपुरात अशा बऱ्याच आहेत. टर्फ भाड्याने घेतलेलं, बारक्या पोरांच्या अंगात गुडघ्यापर्यंत येणाऱ्या जर्स्या, आणि गेटवर मोठं फ्लेक्स. आधी त्या फ्लेक्सवर मेस्सी होता. मग बार्सिलोनाचा पोरगा लामिन यामाल आला. खाली लिहिलेलं, पुढचा स्टार तुमच्या घरात आहे. ताईच्या घरात तेव्हा एक बारा वर्षांचा मुलगा होता, त्यामुळे तिला ते पटलं.

यामालची गोष्ट मला तोंडपाठ आहे, कारण भाच्याने मला ती दोनशे वेळा ऐकवली आहे. सातव्या वर्षी बार्सिलोनाच्या अकॅडमीत, ला मासियात. २९ एप्रिल २०२३ ला बेटिसविरुद्ध पहिल्या टीमकडून मैदानात, वय पंधरा वर्षं नऊ महिने. २०२४ च्या युरो कपात स्पेनकडून फ्रान्सविरुद्ध तो गोल, आणि सतरावा वाढदिवस झाल्याच्या दुसऱ्या दिवशी फायनल जिंकली. स्पर्धा चालू असताना हॉटेलवर शाळेचा अभ्यास करत होता, हे ताईचं आवडतं वाक्य. गोल केला की बोटांनी ३०४ करून दाखवतो. त्याच्या वस्तीचा, रोकाफोंडाचा, पिनकोड ०८३०४ आहे, त्यातले शेवटचे तीन आकडे. आपला एखादा पोट्टा मोमिनपुऱ्याचा नाहीतर कामठीचा पिनकोड असा जगाला दाखवेल तेव्हा मी संत्र्याची बर्फी वाटेन, हे इथे लिहून ठेवतो.

पण फ्लेक्सवर या गोष्टीचा अर्धाच भाग असतो. पंधरा वर्षांच्या पोराला जागा मिळाली ती बार्सिलोनाची तिजोरी खडखडाट झाली होती म्हणून. क्लबवर एक अब्ज युरोच्या वर कर्ज. २०२१ च्या ऑगस्टमध्ये खुद्द मेस्सीला ठेवून घेता आलं नाही. नवीन खेळाडू आणला तरी लीगच्या पगारमर्यादेमुळे त्याची नोंदणी होईना. मग घरात जे होतं त्याच्याकडे लक्ष गेलं. गावी नावाचा पोरगा, बाल्दे, फर्मिन लोपेझ, सतरा पूर्ण व्हायच्या आत उतरलेला कुबार्सी. हे सगळे गुणी आहेतच. पण खिशात पैसे असते तर यांतल्या किती जणांना चार वर्षं इथे-तिथे उसनं पाठवून शेवटी विकून टाकलं असतं? २०२४-२५ मध्ये याच पोरांच्या जोरावर ला लीगा (स्पेनची लीग) आणि कोपा देल रे (तिथला कप) आलं, त्यामुळे आता सगळे त्याला दूरदृष्टी म्हणतात.

इंग्लंडच्या चेल्सीचंही तेच. २०१९ मध्ये फिफाने खेळाडू विकत घ्यायला बंदी घातली. मॅनेजर लॅम्पार्डने मग अकॅडमीतल्या मेसन माउंट, टॅमी अब्राहम, रीस जेम्स, टोमोरी यांना खेळवलं. बंदी उठली, आणि २०२१ मध्ये अब्राहम व टोमोरी इटलीला, २०२३ मध्ये माउंट मँचेस्टर युनायटेडला. यामागे हिशेबाची एक गंमत आहे, जी मला बँकेत असल्यामुळे चटकन कळली. विकत आणलेल्या खेळाडूची किंमत कराराच्या वर्षांत वाटून खर्चात पडते, त्यामुळे तो विकताना उरलेली रक्कम वजा होते. घरच्या पोराची वहीतली किंमत शून्य. विकला की आली ती सगळी रक्कम नफा. म्हणजे आठव्या वर्षापासून क्लबचा झेंडा घेऊन वाढलेला पोरगाच विकायला सगळ्यात फायद्याचा! हे वाचून मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. (गेलं, पण उशिरा.)

उलट बाजूलाही लोक आहेत. युनायटेडच्या प्रत्येक मॅचच्या टीममध्ये १९३७ च्या ऑक्टोबरपासून अकॅडमीतला किमान एक खेळाडू असतोच. महायुद्ध झालं, म्युनिकचा विमान अपघात झाला, अलीकडचे मॅनेजर तर मोजायला नकोत, ती साखळी तुटली नाही. स्पेनमधल्या अ‍ॅथलेटिक बिल्बाओने तर हात स्वतःच बांधून घेतलेत. फक्त बास्क मुलखातले नाहीतर तिथे घडलेलेच खेळाडू. पहिल्या डिव्हिजनमधून ते कधीच खाली गेले नाहीत, आणि २०२४ मध्ये चाळीस वर्षांनी कोपा देल रे घेऊन आले. पर्यायच ठेवला नाही तर पोरं खेळवावी लागतात, हे त्यांना आधीपासून माहीत होतं. मला वाटतं, कोचला पोरांवर विश्वास असावा वगैरे ठीक आहे, पण त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे त्याच्याकडे दुसरा माणूसच नसावा.

आता आपल्या गावाकडे या. महाराष्ट्रात आयएसएलचा, म्हणजे देशातल्या सगळ्यात वरच्या फुटबॉल लीगचा, क्लब उरलाय एक, मुंबई सिटी. पुण्याचा २०१९ मध्ये बंद झाला. विदर्भात तर कधीच नव्हता. केरळात लक्षद्वीपहून आलेले ऐमन आणि अझहर हे जुळे भाऊ केरला ब्लास्टर्स क्लबच्या अकॅडमीतून ब्लास्टर्सच्याच टीममध्ये गेले, कारण वर ब्लास्टर्सची टीम होती. आमच्या अकॅडमीच्या वर काय होतं? टर्फच्या मालकाचं कॅफे.

आणि नागपूरला हे जमत नाही असं म्हणायचं तोंडही आपल्याला नाही. क्रिकेटमध्ये याच शहराने करून दाखवलंय. चौदा, सोळा, एकोणीस, तेवीस वर्षांखालच्या टीम, आणि सगळ्यात वर विदर्भाची रणजी टीम. २०२५ च्या फेब्रुवारीत जामठ्याला केरळविरुद्धच्या फायनलमध्ये आपल्या दानिश मालेवारने १५३ काढले तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. हर्ष दुबेने त्या मोसमात ६९ विकेट घेतल्या, रणजीच्या एका मोसमात त्याआधी कोणी एवढ्या घेतल्या नव्हत्या. पोरगा कोणत्या पायरीवर आहे आणि पुढची पायरी कुठे आहे, हे क्रिकेटमध्ये आईबापाला दाखवता येतं. फुटबॉलमध्ये आम्ही पाच वर्षं फक्त जिन्याचं भाडं भरलं. वर मजलाच नव्हता.

कळलं कसं तेही सांगतो. भाचा सतराचा झाला, अकॅडमीच्या सरांनी एक सर्टिफिकेट दिलं, खांद्यावर हात ठेवला आणि "मेहनत करत राहा" म्हणाले. मी त्याला माझ्या जुन्या क्लबमध्ये घेऊन गेलो. (मी तिथे पाच मॅच खेळलोय. त्यातल्या तीनमध्ये पाणी नेऊन द्यायला.) तिथल्या सेक्रेटरींनी विचारलं, सीआरएस नंबर काय? म्हणजे फेडरेशनच्या ऑनलाइन नोंदणीतला खेळाडूचा नंबर. आम्ही अकॅडमीला फोन केला, तिथून उद्या सांगतो, मग परवा सांगतो. शेवटी क्लबमध्येच बसून शोधलं. भाचा माझ्याकडे बघून म्हणाला, "मामा, माझं तर नावच नाही ना यात." पाच वर्षं रोज संध्याकाळी टर्फवर घाम गाळला, आणि भारतीय फुटबॉलच्या दप्तरी हा पोरगा जन्मलाच नव्हता.

ही नुसती कागदाची बाब नाही. एखादा खेळाडू पैसे मोजून एका देशातून दुसऱ्या देशातल्या क्लबकडे गेला, तर त्या रकमेतले पाच टक्के त्याला बारा ते तेवीस वयात घडवणाऱ्या क्लबांत वाटायचे, असा फिफाचा नियम आहे. गल्लीतल्या क्लबलासुद्धा त्यातले मिळू शकतात. पण कुठल्या वर्षी तो कोणाकडे होता हे नोंदणीवरूनच ठरतं. आमचा भाचा उद्या बार्सिलोनाला जाणार आहे असं मी म्हणत नाही, त्याचा उजवा पाय फक्त उभं राहायला आहे. पण ज्याने फ्लेक्सवर यामाल लावला त्याला ही एवढी नोंद करावीशी वाटली नाही, म्हणजे आपल्याकडून कोणी वर जाईल यावर त्याचाच विश्वास नव्हता.

तेव्हा जुन्या क्लबांकडे बघा, माझं एवढंच म्हणणं आहे. मोमिनपुरा, कामठी, रेल्वेच्या वसाहती, इथे पिढ्यानपिढ्या हेच चाललंय. धाकटी पोरं आधी गोलपोस्टमागचे बॉल आणतात, चुन्याच्या रेषा मारतात, मग कधीतरी एकाचं लग्न निघतं, दुसऱ्याची नाइट शिफ्ट, आणि सिनियर टीममध्ये जागा होते. त्याला कोणी अकॅडमी म्हणत नाही, पण वर लीग खेळणारी टीम आहे आणि खाली तिच्याकडे डोळे लावून बसलेली पोरं आहेत. हिस्लॉप कॉलेजच्या विजय बारसे सरांनी २००१ पासून झोपडपट्टीतल्या पोरांना फुटबॉल दिला. ते काम वेगळं, फार मोठं, आणि कोणत्याही फ्लेक्सशिवाय सुरू झालेलं.

हे क्लब म्हणजे स्वर्ग नाही. फिजिओ म्हणजे बर्फाची पिशवी. कोचचा पुतण्या हमखास खेळतो. सिनियर लोकांच्या शिव्या ऐकून भाचा पहिल्या आठवड्यात घरी येऊन मुकाट्याने झोपला होता. मैदानात असे खडे आहेत की स्लायडिंग टॅकल करणाऱ्याने आधी टिटॅनसचं इंजेक्शन घ्यावं.

तरी मागच्या आठवड्यातलं सांगतो. लीग मॅच, टीम एक गोलने मागे. आमचा लेफ्ट बॅक, तिशी उलटलेला, चेंडूमागे धावताना घोटा मुरगळून बसला. कोचने बेंचकडे पाहिलं. बेंचवर दोघं, त्यातला एक गोलकीपर. "ए छोटे, चल, उठ." भाच्याने बुटाची लेस सोडून परत बांधली, मग दुसऱ्या बुटाची. जर्सी क्लबची जुनी, चौदा नंबरची. त्यातल्या चारचा अर्धा भाग निघालेला, त्यामुळे लांबून अकरा दिसत होता. लाइन्समनने स्टड बघितले, पाठीवर थाप मारली. ७८ वं मिनिट.

पहिला बॉल आला तो त्याने सरळ बाहेर मारला. दुसरा थ्रो चुकीचा टाकला, पाय उचलला, रेफरीने समोरच्यांना दिला. तिसऱ्या वेळी त्यांचा विंगर आत घुसत होता, हा आडवा झाला, बॉल घेतला आणि उठून डाव्या पायाने लांब दिला. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. फक्त बाहेर बर्फ लावून बसलेला तो लेफ्ट बॅक ओरडला, "हां, आता तिथंच राह्य!" एक-शून्यनेच हरलो.

घरी आल्यावर ताईने गुडघ्यावर हळद लावली आणि विचारलं, क्लबवाल्यांनी फी किती घेतली. वर्षाचे पाचशे, तो म्हणाला. पावती? पावती नाही दिली.

गुरुवारी अडीचला पुन्हा मॅच आहे. सकाळी सेक्रेटरींना फोन केला होता. घोटा अजून सुजलेलाच आहे म्हणे.