पाकीट उघडायचं नसतं रे, बाळा

परवा रात्री भाच्याचा फोन. "मावशी, मी पाकीट उघडलं गं."

कुठलं पाकीट ते मला लगेच कळलं. पोरगा जपानमध्ये तीन वर्षं राहून आलाय, आता दुसऱ्या एका देशात कायमचं जायचं म्हणून अर्जाच्या मागे लागलाय. त्यासाठी नावावर गुन्हा नसल्याचा दाखला जपानच्या पोलिसांकडून मागवला होता. तिथले पोलीस हा दाखला बंद पाकिटात देतात. पाकीट अर्जदाराने फोडलं की दाखला बाद. बोटांचे ठसे देऊन, दोन महिने वाट बघून हातात पडलेलं ते पाकीट आमच्या शहाण्याने कात्रीने अगदी सरळ रेषेत कापलं. का, तर आत नावाचं स्पेलिंग बरोबर आहे ना ते बघायला.

स्पेलिंग बरोबर होतं.

मला त्याचा राग आला नाही, कारण या पीसीसी (म्हणजे पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट) नावाच्या प्रकरणात मी स्वतः याहून मोठे गाढवपणे केलेत. गेल्या बारा वर्षांत आम्ही नवराबायकोने मिळून सात पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेटं काढली. त्यातली दोन मुदत संपली म्हणून पुन्हा काढली आणि एक ठसे नीट उमटले नाहीत म्हणून. एवढं सगळं करून माझं एक मत पक्कं झालंय आणि आज ते सविस्तर लिहिणार आहे. आपण याला चारित्र्याचा दाखला म्हणतो, पण या कागदाला तुमच्या चारित्र्याशी काही देणंघेणं नाही. ही परीक्षा तारखांची आहे. आणि ती परीक्षा निम्म्याहून जास्त विनाकारण अवघड करून ठेवलेली आहे.

आधी त्या कागदावर असतं काय ते बघा. "हा मनुष्य सज्जन आहे" असं कुठलेही पोलीस लिहून देत नाहीत. का द्यावं? ते फक्त एवढंच सांगतात की आमच्या दप्तरात या नावाने, या ठशांनी शोधलं आणि काही सापडलं नाही. हाँगकाँगवाल्यांनी तर नावच प्रामाणिक ठेवलंय: 'सर्टिफिकेट ऑफ नो क्रिमिनल कन्व्हिक्शन'. गुन्हा सिद्ध झालेला नाही, बस. (तो दाखला अर्जदाराच्या हातात देतच नाहीत, थेट त्या त्या देशाच्या वकिलातीकडे किंवा इमिग्रेशन खात्याकडे धाडतात. माझ्या भाच्यासारख्यांसाठी उत्तम सोय.) ब्रिटनचा दाखला एसीआरओ नावाचं कार्यालय देतं, त्यावर काही नसेल तर 'नो ट्रेस' असे दोनच शब्द येतात. मात्र कधी कधी मध्ये एक शब्द घुसतो: 'नो लाइव्ह ट्रेस'. म्हणजे नोंद होती, पण ती जुनी आणि किरकोळ असल्याने आता दाखवण्याजोगी उरलेली नाही. त्या एका 'लाइव्ह'मुळे माणसाची झोप उडते, कारण समोरचा इमिग्रेशन अधिकारी विचारू शकतो की मग जी लाइव्ह नाही ती कुठली? असं काही मागे असेल तर ते स्वतःहून, आधीच, कागदपत्रांसकट सांगून टाकावं. बऱ्याचदा जुनी किरकोळ नोंद माणसाला बुडवत नाही, ती लपवणं बुडवतं.

आता तारखांकडे. कुठल्या देशाचा दाखला लागेल हे ठरतं तुम्ही तिथे किती राहिलात यावर, आणि हे 'किती' प्रत्येकाचं वेगळं. कॅनडा म्हणतो, गेल्या १० वर्षांत, वयाच्या १८ नंतर, जिथे सलग ६ महिने किंवा जास्त राहिलात त्या प्रत्येक देशाचा द्या. ऑस्ट्रेलिया म्हणतो, गेल्या १० वर्षांत, वयाच्या १६ नंतर, जिथे एकूण १२ महिने झाले त्याचा द्या. सलग आणि एकूण. हे दोन शब्द नीट वाचा. कामानिमित्त एकाच देशात चार-चार महिन्यांच्या तीन फेऱ्या केलेल्या माणसाला ऑस्ट्रेलियासाठी दाखला लागतो, कॅनडासाठी लागत नाही. तोच माणूस एकदाच जाऊन सात महिने राहिला असेल तर बरोबर उलटं. माणूस तोच, पोलीस तेच.

आणि हे दिवस मोजायचे कसे? मी जुने पासपोर्ट घेऊन जमिनीवर फतकल मारून बसले होते. एका शिक्क्यावर दुसरा शिक्का, शाई फाकलेली, १ आहे की ७ ते कळेना. एका विमानतळावर आपोआप उघडणारं दार होतं, तिथे शिक्काच नाही. मग जुन्या ईमेलमधून तिकिटं शोध, फोटोंच्या तारखा बघ. नवरा म्हणाला, "अगं, साधारण लिही." साधारण? अर्जात लिहिलेल्या तारखा आणि दाखल्यातल्या तारखा जुळल्या नाहीत की पत्र येतं. आता मी कुठल्याही प्रवासाहून आले की जाण्यायेण्याच्या तारखा एका वहीत टिपून ठेवते. घरातले हसतात. हसोत.

ठशांचा किस्सा सांगायलाच हवा. काही देशांना नुसतं नाव पुरत नाही, दहा बोटांचे ठसे लागतात. अमेरिकेच्या एफबीआयचं ते एफडी-२५८ कार्ड ज्यांनी बघितलंय त्यांना कळेल: वर दहा चौकोन, प्रत्येक बोट नखाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत गोल फिरवून उमटवायचं, आणि खाली पुन्हा चार-चार बोटं एकत्र, अंगठे वेगळे, सरळ दाबून. ऐकायला सोपं वाटतं. मी ज्या ठिकाणी ठसे द्यायला गेले (कुठल्या देशासाठी ते जाऊ द्या) तिथला माणूस मला सारखा म्हणत होता, "हात सैल सोडा, बोट तुम्ही फिरवू नका, मी फिरवतो." आणि माझा हात काही केल्या सैल सुटेना. करंगळी तीनदा घसरली. काळ्या शाईचा एक फराटा चौकोनाबाहेर गेला. तो म्हणाला, "चालेल." मी म्हटलं, "नक्की ना?" तो पुन्हा म्हणाला, "चालेल."

नाही चाललं. नऊ आठवड्यांनी पत्र आलं की ठसे वाचण्याजोगे नाहीत, पुन्हा पाठवा. त्या नऊ आठवड्यांत काय झालं, तर हौसेने सगळ्यात आधी काढून ठेवलेल्या दुसऱ्या देशाच्या दाखल्याची मुदत संपत आली. ठसे पुन्हा गेले, तोवर दुसरा दाखला शिळा. तो पुन्हा मागवला. पत्त्यांचा बंगला असतो ना, अगदी तसं.

नंतर कळलं की ठसे न उमटणं हा काही माझा एकटीचा दोष नाही. वय झालेल्यांच्या, सिमेंट-विटांचं काम करणाऱ्यांच्या, सतत रसायनांत हात घालणाऱ्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजतात. कॅपेसिटाबिन नावाचं कॅन्सरवरचं एक औषध आहे, त्यानेही बोटांच्या रेषा पुसट होऊ शकतात. म्हणजे आयुष्यभर हातांनी राबलेल्या माणसालाच 'तू तूच आहेस' हे सिद्ध करायला जास्त खेटे. जाता जाता एक गोष्ट, विषयाला थोडी सोडून. ठशांचं वर्गीकरण करायची जी पद्धत पुढे जगभर चालली, ती १८९७ साली कलकत्त्यात सुरू झालेल्या ठशांच्या ब्युरोत आकाराला आली. त्यामागचं डोकं बरंचसं अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन कर्मचाऱ्यांचं, पण पद्धतीला नाव लागलं साहेबाचं, एडवर्ड हेन्रीचं. ओळख पटवण्याच्या शास्त्रातच ओळख हरवलेली ही दोन माणसं. माझी करंगळी घसरत होती तेव्हा हे माहीत असतं तर जरा गंमत तरी वाटली असती.

तर, मुदत. माझं खरं भांडण इथे आहे.

समजा मी एक देश पाच वर्षांपूर्वी सोडला. नंतर तिथे पाऊल टाकलेलं नाही. सोडल्यावर महिन्याभरात तिथल्या पोलिसांचा दाखला घेतला. तो आज शिळा कसा होतो? जिथे मी नाहीच, तिथे मी गुन्हा करणार कसा? दूध नासतं, कारण ते भांड्यात असतं. इथे भांडंच रिकामं आहे. कॅनडाने हे ओळखलंय: सध्या राहत असलेल्या देशाचा दाखला अर्जाआधीच्या ६ महिन्यांतला हवा, पण सोडलेल्या देशाचा दाखला तुम्ही तिथे शेवटचं राहून निघाल्यानंतर काढलेला असला की झालं. अमेरिकेच्या इमिग्रंट व्हिसालाही सोडलेल्या आणि परत न गेलेल्या देशाच्या दाखल्यासाठी मुदतीची अशी सूट आहे. इतकी साधी गोष्ट आहे ही. पण ऑस्ट्रेलिया दाखल्याच्या तारखेपासून १२ महिने धरतो, आणि बाकीही कित्येक ठिकाणी सरसकट सहा महिने किंवा वर्ष. अर्ज पडून राहिला त्यांच्या टेबलावर, आणि मुदत संपली आमच्या कागदाची. मग ईमेल येतो: कृपया नवीन दाखला सादर करावा.

कोणी म्हणेल, सुरक्षेचा प्रश्न आहे, काळजी घ्यायला नको का? घ्या की. माझाही आक्षेप तपासणीला नाही. ज्या देशात मी पुढची तीस वर्षं शेजारी म्हणून राहणार, त्याने माझ्याबद्दल चौकशी करावी हे रास्तच आहे. मी तरी भाडेकरू ठेवताना करीनच. पण मग सरकारं एकमेकांना थेट विचारत का नाहीत? हाँगकाँग पाठवतंच ना थेट? बहुतेक ठिकाणी या दोन कार्यालयांमधला पोस्टमन मी असते: फी माझी, कुरिअर माझं, भाषांतर माझं (तेही स्वतः किंवा घरच्यांनी केलेलं चालत नाही बरं का), आणि उशीर झाला तर चूकही माझीच.

आणि माझं तरी बरंच बरं आहे. ज्या माणसाने एखाद्या राजवटीच्या पोलिसांपासून जीव वाचवून पळ काढलाय, त्याला जेव्हा कोणी सांगतं की त्याच पोलिसांकडून चांगल्या वागणुकीचा कागद आण, तेव्हा ते वाक्य लिहिणाऱ्याने एकदा मोठ्याने वाचून बघावं. काही देशांचे दाखले मिळूच शकत नाहीत हे अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या देशवार यादीत स्पष्ट लिहिलेलं असतं, हे त्यातल्या त्यात शहाणपण.

दाखला येतच नसेल तर काय, हे मला इनबॉक्समध्ये सगळ्यात जास्त वेळा विचारलं जातं. प्रयत्न केल्याचा पुरावा ठेवा. केलेला अर्ज, भरलेली फी, कुरिअरची पावती, पाठवलेले आणि उत्तर न आलेले ईमेल, सगळं. मग एक साधं पत्र: अमुक तारखेला मागितला, अमुक तारखेला आठवण केली, अजून आलेला नाही. रडगाणं नको, तारखा हव्यात. कॅनडात कायमचं राहायला जाण्याच्या एक्सप्रेस एंट्री नावाच्या योजनेत अर्ज करण्याचं आमंत्रण आल्यावर पूर्ण अर्जाला ६० दिवस मिळतात, आणि काही देशांचा दाखला ६० दिवसांत येणं म्हणजे नशीबच. अशा वेळी हेच पत्र कामाला येतं. त्याहून चांगलं म्हणजे आमंत्रणाची वाट न बघता सोडलेल्या देशांचे दाखले आधीच मागवून ठेवणं, आणि राहत्या देशाचा सगळ्यात शेवटी. आम्ही पहिल्यांदा नेमकं उलटं केलं होतं, कारण राहत्या देशाचा सोपा होता.

आणखी एक, कारण यात लोक फार फसतात. अर्ज करताना 'कशासाठी' हा रकाना विचार करून भरा. ऑस्ट्रेलियात फेडरल पोलिसांच्या तपासणीला इमिग्रेशनसाठी कोड ३३ निवडावा लागतो, दुसरा निवडला किंवा राज्याच्या पोलिसांचा दाखला आणला तर इमिग्रेशन खातं तो घेत नाही. आणि नावं सगळी द्या. लग्नाआधीचं, नंतरचं, जुन्या पासपोर्टवर चुकून जोडून छापलेलं. मला एकदा वाटलं होतं, इतकी नावं दिली तर भामटी समजतील. उलट आहे. न दिलेलं नाव नंतर सापडलं की समजतात.

भाच्याने शेवटी रडवेल्या आवाजात विचारलं, "मग मावशी, स्पेलिंग बघायचं तरी कसं?" म्हटलं, अर्ज भरताना, पासपोर्ट शेजारी ठेवून, एकेक अक्षर. पाकीट आल्यावर नाही. आणि ज्यांच्याकडे कागद द्यायचाय त्यांच्या सूचना वाचायच्या, कारण काही ठिकाणी ऑनलाइन अर्जासाठी हेच बंद पाकीट उघडून स्कॅन करायला सांगतात. ज्याने कागद दिला तो म्हणतो उघडू नको, ज्याला हवाय तो म्हणतो उघड. ऐकायचं ज्याला हवाय त्याचं. भाच्याच्या बाबतीत दोघंही 'उघडू नको'च म्हणत होते, तो भाग वेगळा.

पुढच्या आठवड्यात तो पुन्हा ठसे द्यायला जाणार आहे. नवीन पाकीट माझ्या पत्त्यावर येईल असं ठरलंय, कात्र्या मी लपवून ठेवणार आहे. बाद झालेल्या दाखल्याचा फोटो मात्र त्याने पाठवला. मी एवढी पाकिटं हाताळली, पण आतला कागद पहिल्यांदाच बघितला. जपानीखेरीज इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश: पाच भाषांत लिहिलंय की या पोराच्या नावावर काहीही नाही. त्याच्या आईला पाठवला, तर ती म्हणाली फ्रेम करून लावते.