मास्तरांकडे पॅकेज आले आहे

आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या या गावात मोबाइलला रेंज मिळते ती गच्चीवरच्या टाकीजवळ, म्हणून मी जुन्या राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी ही राउटर चालवणारी मोफत प्रणाली चढवून त्याला सिमकार्डाचे डोंगल जोडले. डोंगल ओळखणारे एक छोटे पॅकेज तेवढे बसवायचे राहिले होते. परवा शेजारचे काकाजी पीकविम्याचा अर्ज घेऊन आले. त्यांच्या गुडघ्यांना शिडी झेपत नाही, म्हणून मी म्हणून गेलो, ‘बसा, पॅकेज बसले की खालीच भरू.’

काकाजी बाजेवर मांडी घालून बसले. ‘कोनतं पॅकेज, मास्तर? 2006 चं का नवं?’

2006 मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचे पॅकेज जाहीर केले होते. ‘त्याच्यात मले गाय भेटली होती. चारा माह्या घरचा खाये अन् दूध कागदावर दे.’

हे संगणकाचे पॅकेज आहे, असे सांगत मी टिपणातली पॅकेज बसवायची ‘ओपीकेजी’ आज्ञा दिली, तर राउटर म्हणाला, अशी आज्ञाच नाही. नव्या आवृत्तीत तिच्या जागी अल्पाइन लिनक्स या दुसऱ्या प्रणालीकडचे ‘एपीके’ आले आहे, हे मी पुटपुटलो मात्र, काकाजींनी मोबाइल बंडीच्या खिशात दडवला. ‘एपीकेपायीच जावयाचं खातं रिकामं झालं न बाप्पा! लग्नपत्रिका म्हनून आलं होतं.’

एपीकेनेही नकारच दिला. मी आठवड्यापूर्वी रोज नव्याने बांधली जाणारी चाचणी-आवृत्ती उतरवली होती. तेवढ्यात सर्व्हरवरचा कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, पुढे गेला, आणि माझ्या पॅकेजासारखे कर्नलला जोडायचे भाग, म्हणजे मॉड्यूल्स, नेमक्या त्याच बांधणीच्या कर्नलवर चालतात.

‘म्हनजे पॅकेज आहे, पन तुमी पात्र नाही,’ काकाजी म्हणाले. मी दोन रात्री वाचलेल्या सगळ्या माहितीत इतके स्वच्छ वाक्य एकही नव्हते.

‘मंग दुसऱ्या पार्टीचं घ्या न.’ राउटरसाठी अशाच दुसऱ्या प्रणाली म्हणून डीडी-डब्ल्यूआरटी आहे, फ्रेशटोमॅटो आहे, पण एकाचे पॅकेज दुसऱ्यावर सहसा चालत नाही, हे मी सांगितले. ओपनडब्ल्यूआरटीतलीच काही मंडळी 2016 मध्ये ‘एलईडीई’ नावाने वेगळी निघाली आणि 2018 मध्ये जुन्याच नावाखाली परत एकत्र आली, हेही सांगितले. ‘आमच्या भजनी मंडळावानी,’ काकाजी उद्गारले. ‘पेटी कोनाकडं राह्यली?’

मला हसू आले नाही. मूठभर माणसे फुकट राबतात, हे मान्य. पण तीच मूठभर माणसे निरनिराळ्या चुली मांडून तेच वरण पुन्हा पुन्हा शिजवतात, आणि त्यापायी टाकीला टेकून भर उन्हात सिमकार्डाचा डेटा मी जाळायचा, हा कुठला न्याय?

काकाजी अखेर एसटीने तालुक्याला जाऊन अर्ज भरून आले. वाटेत पारावर ते काय बोलले, हे मला काल सकाळी सहाला कळले, कारण अंगणात सातबारा आणि आधारकार्ड घेऊन चौघे जण उभे होते, आणि त्यातला एक विचारत होता, ‘मास्तर, गाय देते का नगदी?’