बिल आईच्या नावाचं, पत्ता माझा

"पाच महिन्यांच्या आरोग्य विम्यासाठी एवढे डॉलर? मला काय धाड भरलीय!" आईबाबांची माझ्याकडे यायची तिकिटं काढायची वेळ आली की पुण्याहून बाबांचं हे वाक्य न्यू जर्सीत येऊन पोचतंच. बाबा बँकेतून निवृत्त, वय ७३. मुद्दा अगदीच चुकीचा नाही. युरोपच्या शेंगेन व्हिसाला किमान ३०,००० युरोंचा विमा दाखवावा लागतो, कॅनडात मुलांकडे राहायला येणाऱ्या आईवडिलांच्या सुपर व्हिसाला किमान १ लाख कॅनेडियन डॉलरचा. अमेरिकेच्या व्हिजिटर व्हिसाला तशी अट नाही. अट नाही म्हणजे गरज नाही, हा त्यांचा हिशेब.

त्यात बागेतल्या कट्ट्यावर सध्या सत्तरीपुढच्या आयुष्मान कार्डाची चर्चा. २०२४ पासून उत्पन्न न बघता कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार. चांगलीच सोय आहे. पण विमानात बसलं की तिचा उपयोग संपतो.

तीन वर्षांपूर्वी मीही असाच काटकसरीचा शहाणपणा केला होता. सगळ्यात स्वस्त पॉलिसी काढली. आई मागच्या पायरीवरून पडली, मनगट मोडलं. इमर्जन्सीत चार तास, एक्स-रे, प्लास्टर. मग महिनाभर लिफाफे येत राहिले: हॉस्पिटलचा वेगळा, डॉक्टरांचा वेगळा, एक्स-रे वाचणाऱ्याचा आणखी वेगळा. बिल आईच्या नावाचं, पत्ता माझा. सगळे मिळून आठ हजार डॉलरच्या वर. पॉलिसी 'फिक्स्ड बेनिफिट'ची, म्हणजे प्रत्येक गोष्टीला ठरलेली रक्कम, बिल कितीही येवो. हातात आले अकराशे. इथे १९८६ च्या कायद्यामुळे इमर्जन्सीतून पैशापायी कुणाला परत पाठवत नाहीत, पण म्हणून बिल माफ होत नाही.

तेव्हा आता काढतो ती 'कॉम्प्रिहेन्सिव्ह', म्हणजे ठरलेल्या रकमेऐवजी बिलाच्या हिशेबाने पैसे देणारी. प्रीमियम परवडावा म्हणून डिडक्टिबल, म्हणजे आधी आपल्या खिशातून भरायची रक्कम, जास्त ठेवतो. पहिले हजार डॉलर माझे, चालेल. तरी बीपी-शुगरची नेहमीची तपासणी त्यात बसत नाही. जुन्या आजाराने अचानक उचल खाल्ली तरच, तेही अटी घालून, आणि सत्तरीनंतर भरपाईची मर्यादा बऱ्याचदा खाली येते. "सगळं कव्हर होतं" म्हणणाऱ्या एजंटाला मी आधी पॉलिसीतलं ते पान उघडायला लावतो. गोळ्या मात्र पुण्याहूनच, पाच महिन्यांच्या, प्रिस्क्रिप्शनसकट.

परवा बाबा म्हणाले, "काढ बाबा. पण रुपयांत किती झाले ते सांगू नकोस."